घोड्यावर मांड ठोकण्यापूर्वी

शाळांच्या परीक्षा संपत आल्या की दवाखान्यातल्या चौकशांचा सूर बदलतो. ताप, खोकला, जुलाब चालूच असतात. पण जाता जाता दारात उभे राहून विचारलेले प्रश्न असे असतात : "डॉक्टर, पाहुणे आलेत, पाचगणीला टेबललँडवर जायचंय. पोरगं घोड्यासाठी हट्ट धरतंय. बसवावं का?" "माझी कंबर धरते, मी बसले तर चालेल का?" "सासऱ्यांची बायपास झालीय, त्यांना हौस आहे."

आपल्या जिल्ह्याला घोडा काही नवा नाही. भीमथडी तट्टांवर मराठी फौजा कुठवर गेल्या ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. आज मात्र घोडा आपल्याला भेटतो तो लग्नाच्या वरातीत, नाहीतर पाचगणीच्या पठारावर आणि वेण्णा तलावाच्या काठी. दहा मिनिटांची फेरी, एक फोटो, आणि पायउतार. वरील प्रश्नांची उत्तरे मी आजवर तोंडी देत आलो. गेल्या उन्हाळ्यात मात्र अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात मुलीकडे गेलो असताना एका 'ड्यूड रँच'वर आठवडाभर सहकुटुंब राहण्याचा योग आला. मुलगी, जावई, नऊ वर्षांचा नातू, आमच्या सौ. आणि मी अशी पाच माणसे. तिथे घोडेस्वारी करमणुकीसाठीच होती, पण तिची आखणी शस्त्रक्रियेच्या तयारीसारखी काटेकोर होती. त्यातले आपल्या उपयोगाचे आज वाचकांपुढे ठेवतो.

ड्यूड रँच म्हणजे काय?

रँच म्हणजे गुरे पाळण्याचे मोठे कुरण. 'ड्यूड' हा तिकडच्या गुराख्यांनी शहरी माणसाला थट्टेने दिलेला शब्द. आपण 'शहरी बाबू' म्हणतो तसा. १८८० च्या दशकात डाकोटा प्रांतात ईटन नावाच्या तीन भावांचे कुरण होते. पूर्वेकडचे मित्र तिथे येऊन आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकत. खर्च वाढू लागला तेव्हा पाहुणेच आपण होऊन पैसे देऊ लागले आणि त्यातून हा व्यवसाय उभा राहिला. १९०४ मध्ये ईटन बंधूंनी आपला रँच वायोमिंगमध्ये हलवला. १९२६ मध्ये या मंडळींनी आपली संघटनाही स्थापली.

आज तिथे साधारण रविवारी जायचे आणि शनिवारी परतायचे असा रिवाज दिसतो. राहायला लाकडी खोल्या, सर्वांनी एकत्र बसून जेवण आणि रोज सकाळ-दुपार घोड्यावरून रपेट. प्रत्येकाला आठवडाभरासाठी एकच घोडा ठरवून देतात. घोडे सांभाळणाऱ्या माणसाला 'रँगलर' म्हणतात. म्हणजे आपला मोतद्दारच, पण शिकवणारा आणि वाट दाखवणाराही तोच.

वजनकाटा आधी, घोडा नंतर

जागा राखून ठेवली तेव्हाच, म्हणजे सहा महिने अगोदर, प्रत्येकासाठी एक छापील अर्ज आला. वय, उंची, वजन, पूर्वीचे अस्थिभंग, चालू औषधे, दमा, फिट्स, मधुमेह, गरोदरपण, सारे काही. खाली ठळक अक्षरात लिहिले होते : वजन खरे लिहा, आल्यावर काटा आहे. घोडेस्वारीसाठी कमाल वजन २२० पौंड, म्हणजे १०० किलो.

आमचे जावई संगणकापुढे बसून काम करणारे. वय ४१, वजन १०८ किलो, रक्तदाब सीमारेषेवर. 'वजन उतरवा' हे मी त्यांना फोनवर दोन वर्षे सांगत होतो. ते 'हो बाबा' म्हणत आणि वजन जागच्या जागी राही. हा अर्ज आला आणि नातवाने विचारले, "बाबा, मग तुम्ही घोड्यावर बसणार नाही का?" त्या एका प्रश्नाने जे झाले ते माझ्या चिठ्ठ्यांनी झाले नव्हते. गोड पेये बंद केली, रात्रीचे जेवण सात वाजता आणले, रोज पाऊण तास चालणे सुरू केले आणि शनिवार-रविवार टेकडी. सहा महिन्यांत ९८ किलोवर आले आणि रक्तदाबही ठिकाणावर आला. वजन उतरवायला औषधापेक्षा तारीख लागते. ठराविक दिवशी ठराविक गोष्ट करायची आहे असे ठरले की माणूस हलतो. आपल्याकडेही 'आषाढीच्या वारीला चालायचे आहे' असे ठरवून वजन आणि साखर आटोक्यात आणणारी माणसे मी पाहिली आहेत.

वजनाच्या मर्यादेमागे घोड्याचाही विचार आहे. घोड्याने आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या भागापर्यंत ओझे वाहावे, तेही खोगीर धरून, असा तिकडचा सर्वसाधारण दंडक आहे. तिकडचे घोडे थोराड असतात, खोगीरही पंधरा-वीस किलोचे. आपल्याकडचे अडीचशे-तीनशे किलोचे तट्टू या हिशेबाने पन्नास-साठ किलोच पेलणार. त्यावर नव्वद किलोचे गृहस्थ बसले की तट्टाची पाठ धरते, चाल बिघडते, आणि अडखळले की दोघेही खाली. म्हणून धष्टपुष्ट मंडळींनी घोड्यावर दया करावी. त्यात स्वतःवरही दया होते.

उंचीचा त्रास

हा रँच समुद्रसपाटीपासून साडेआठ हजार फुटांवर होता. महाबळेश्वरची उंची सुमारे साडेचार हजार फूट, यावरून कल्पना यावी. आठ हजार फुटांच्या वर गेल्यावर हवेतला प्राणवायूचा दाब कमी पडू लागतो आणि काहींना डोकेदुखी, मळमळ, गळाठा, झोप न लागणे असा त्रास पहिल्या एक-दोन दिवसांत होतो. आम्ही दोघे तीन आठवडे डेन्व्हरला, म्हणजे ५,२८० फुटांवर राहिलो होतो, त्यामुळे निभावले. सपाटीवरून थेट आलेले एक कुटुंब मात्र पहिल्या रात्री डोके धरून बसले होते.

उपाय सोपा आहे. उंचीवर टप्प्याटप्प्याने जावे, पहिले दोन दिवस दगदग करू नये, पाणी भरपूर प्यावे, मद्य टाळावे. त्रास वाढतच गेला, बसल्या जागी धाप लागू लागली किंवा तोल जाऊ लागला तर वाट न पाहता खाली उतरावे. हिमालयात केदारनाथ, लडाखला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी हे कागदावर लिहून खिशात ठेवावे. उंचीवरचे ऊनही फसवे असते. हवा थंड लागते, पण दर हजार मीटरला अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रुंद काठाची टोपी दोन्ही हवीत. घोड्यावर बसताना टोपीच्या जागी हेल्मेट.

आधी डोके, मग हौस

तबेल्याच्या दारावर एक पाटी होती. घोडेस्वारीत जे धोके मुळातच आहेत त्यांपासून झालेल्या इजेला व्यावसायिक जबाबदार नाही, असा त्या राज्याचा कायदा तिथे लिहिलेला होता. पाटी वाचून आमच्या सौ. म्हणाल्या, "निदान खरं तरी सांगतात." घोडा कितीही गरीब असला तरी तो जिवंत प्राणी आहे. त्याची मूळ प्रवृत्ती पळून जीव वाचवण्याची. पायाशी पाखरू उडाले, प्लास्टिकची पिशवी फडफडली, की तो बुजतो. स्वाराचे डोके त्या वेळी जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर असते.

लहान मुलांना तिथे हेल्मेटशिवाय घोड्यावर चढूच देत नव्हते. मोठ्यांवर सक्ती नव्हती, पण आम्ही सर्वांनी घातले. हे हेल्मेट मोटारसायकलचे नव्हे. ते जड असते आणि मान अवघडते. घोडेस्वारीसाठी हलके, हनुवटीखाली पट्टा असलेले खास हेल्मेट मिळते. एकदा जोराचा आघात झाला की ते टाकून द्यायचे, कारण आतला थर चेपला की पुढच्या वेळी तो राखत नाही.

डोक्याइतकाच महत्त्वाचा पाय. रिकिबीत फक्त पावलाचा पुढचा भाग ठेवायचा, टाच खाली. बुटाला थोडी टाच हवी म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही. चपला, सँडल घालून बसणे सर्वांत वाईट. पाऊल अडकले आणि माणूस पडला तर घोडा त्याला फरपटत नेतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी सुट्टीच्या दिवसांत एका अकरा वर्षांच्या मुलाला माझ्याकडे आणले होते. एका थंड हवेच्या ठिकाणी घोडा भरधाव सुटला, पायात सँडल, डोके उघडे. मुलगा पडला आणि पाऊल रिकिबीत अडकून काही अंतर फरपटला. घरच्यांनी हळद लावून, पाणी पाजून, अर्धा तास वाट पाहिली, कारण तो बोलत होता. माझ्याकडे आला तेव्हा त्याला दोनदा उलटी झाली होती आणि एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसत होती. कवटीच्या आत रक्त साठत होते. पुण्याला तातडीने शस्त्रक्रिया झाली आणि मुलगा वाचला. पण उजव्या हातात कमजोरी राहिली आणि शाळेचे वर्ष गेले. डाव्या हाताने लिहायला तो पुन्हा पहिल्यापासून शिकला.

हेल्मेट सर्व काही टाळते असे मात्र नाही. 'सुपरमॅन'च्या भूमिकेमुळे जगाला ठाऊक झालेले क्रिस्टोफर रीव्ह हे हेल्मेट घातलेले, सराव असलेले स्वार होते. मे १९९५ मध्ये अडथळ्यापाशी घोडा अचानक थांबला, ते डोक्यावर पडले, मानेचे मणके मोडले आणि मानेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. म्हणून नवख्याने उड्या आणि भरधाव या दोन गोष्टींच्या वाटेला जाऊ नये.

घोडा चालतो, व्यायाम आपल्याला

आता फायद्यांकडे वळू. पुष्कळांना वाटते, चालतो घोडा, आपण नुसते बसलेले. यात कसला व्यायाम? पहिल्या दिवशी दोन तास बसून दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरायचा प्रयत्न करावा, म्हणजे उत्तर मिळते. मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू, जे एरवी आपण फारसे वापरत नाही, ते बोलू लागतात. मी ६७ वर्षांचा, रक्तदाबाची गोळी चालू असलेला माणूस. आठवडाभर फक्त संथ चालीनेच बसलो. तरी दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला.

घोडा चालतो तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे, डावी-उजवी आणि थोडी वर-खाली हलते. त्याबरोबर स्वाराचे कटिबंधही हलते, आणि गंमत अशी की ही हालचाल माणूस स्वतः चालताना होते तिच्याशी बरीच मिळतीजुळती असते. तोल राखण्यासाठी पोटाचे आणि पाठीचे स्नायू सतत काम करत राहतात. संथ चालीत श्रम बेताचे. दुडक्या चालीत ते भरभर चालण्याइतके किंवा थोडे अधिक होतात. पक्की मांड म्हणतात ती ताकदीने घोडा आवळून धरण्यात नसते. ती तोलात असते.

याच गुणामुळे मेंदूच्या पक्षाघाताने जन्मतः त्रस्त असलेल्या मुलांसाठी घोड्याचा उपचार म्हणून वापर होतो. त्याला 'हिप्पोथेरपी' म्हणतात. ग्रीक भाषेत 'हिप्पोस' म्हणजे घोडा. ज्या मुलाला स्वतःच्या पायांनी नीट चालता येत नाही त्याच्या कमरेला घोडा चालण्याचा अनुभव देतो. हे काम प्रशिक्षित तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, शांत घोड्यावर, दोन्ही बाजूंना माणसे ठेवूनच करायचे असते. टेबललँडवरची फेरी म्हणजे हिप्पोथेरपी नव्हे, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

डेन्मार्कच्या लिझ हार्टेल यांचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. १९४४ मध्ये त्यांना पोलिओ झाला. गुडघ्याखालचे पाय अखेरपर्यंत लुळे राहिले. घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागे. त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या बरोबरीने स्पर्धा करून अश्वारोहणात रौप्यपदक मिळवले.

कोणी बसू नये?

आता आमच्या घरातली गोष्ट. आमच्या सौ. ६३ वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी मोरीत पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडले. एवढ्याशा पडण्याने हाड मोडले म्हणून हाडांची घनता तपासली. खुब्याचा टी-स्कोअर उणे २.७ आला. उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे हाडे ठिसूळ झाली, असे समजतात. अर्जात हे खरे लिहिले. रँचच्या व्यवस्थापिकेने नम्रपणे कळवले की त्यांना घोड्यावर बसवता येणार नाही. माझेही मत तेच होते.

सौ. गप्प झाल्या. रात्री म्हणाल्या, "अहो, आमच्या आजोबांची घोडी होती. भाऊ सगळे बसायचे. मी मागितलं तर म्हणायचे, पोरीच्या जातीला काय करायचंय. लहानपणी मुलगी म्हणून नाही, आता म्हातारी म्हणून नाही. मग माझं बसायचं वय होतं तरी कोणतं?"

याला वैद्यकशास्त्रात उत्तर आहे, पण ते त्यांच्या कामाचे नव्हते. ते आजच्या मुलींच्या कामाचे आहे. आपली हाडे साधारण तिशीपर्यंत भरत जातात. त्यानंतर हळूहळू झीज होते, आणि पाळी गेल्यावर काही वर्षे ती झपाट्याने होते. म्हणजे जी काही शिल्लक टाकायची ती लहानपणी आणि तरुणपणी. उड्या, धावणे, दोरी, लंगडी, खो-खो, दूध, नाचणी, तीळ, अंगावर ऊन, हे सारे मुलीच्या हाडांचे बँकखाते आहे. ज्या घरात मुलगा मैदानावर आणि मुलगी स्वयंपाकघरात, त्या घरात चाळीस वर्षांनी मोडणारे मनगट आणि खुबा कोणाचा असेल ते आजच सांगता येते. मी दवाखान्यात ते रोज पाहतो.

त्यांना त्या आठवड्यात काय करता आले तेही सांगतो. त्यांनी तबेल्यात काम मागितले. रँगलर मुलीने त्यांना ब्रश दिला, घोड्याच्या खांद्याशी कसे उभे राहायचे ते दाखवले, आणि रोज सकाळी पाऊण तास त्या एका शांत, वयस्क घोडीला खरारा करू लागल्या. खांद्याचे, मनगटाचे, पाठीचे हे छान काम आहे. दोन वर्षे त्या मोडलेल्या हाताने जड काही धरायला भीत होत्या. शनिवारी पाण्याची बादली त्याच हाताने उचलून घोडीपुढे ठेवली. रपेटीला आम्ही निघालो की त्या कुंपणापाशी उभ्या राहून पाहत. बसायची इच्छा गेली असे त्या आजही म्हणत नाहीत.

तर पुढील व्यक्तींनी घोड्यावर बसू नये, किंवा आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये : हाडे ठिसूळ असलेले; गरोदर स्त्रिया; फिट्स येणारे; चकती सरकलेले किंवा पायात कळ उतरणारी कंबरदुखी असलेले; नुकतीच शस्त्रक्रिया झालेले; खुबा बदललेले; आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, कारण त्यांना डोक्याचा साधा मारही महागात पडतो. बायपास झालेल्यांनी आधी हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. दमेकऱ्यांना घोड्याच्या अंगावरच्या कोंड्याने आणि वाळल्या गवताच्या धुळीने धाप लागू शकते. त्यांनी फवारा खिशात ठेवावा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी बसू नये, जवळ साखर ठेवावी, आणि घाम, थरथर, गरगर वाटताच उतरून तीन चमचे साखर खावी.

पडल्यावर काय करावे?

बुधवारी आमच्या रांगेतल्या एका मध्यमवयीन बाईंचा घोडा झुडपातून पाखरू उडाल्याने बुजला आणि त्या घसरून पडल्या. रँगलरने पहिली गोष्ट केली ती म्हणजे सर्वांना थांबवले. आपल्याकडे अशा वेळी चौघे धावतात, काखेत हात घालून उठवतात, पाणी पाजतात. तिथे त्यांना कोणी हलवले नाही. मान दुखते का, हातापायांची बोटे हलतात का, मुंग्या येतात का, ते पडल्या पडल्या विचारले. मग गाडीने रुग्णालयात नेऊन डोक्याची तपासणी केली. संध्याकाळी त्या जेवायला आमच्याबरोबर होत्या. हेल्मेटला मात्र तडा गेला होता, तो त्यांनी सर्व मुलांना दाखवला.

घोड्यावरून पडलेल्याची मान दुखत असेल, हातपाय बधिर वाटत असतील किंवा शुद्ध हरपली असेल तर त्याला हलवू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. डोक्याला मार असेल तर माणूस बोलतो आहे यावर विसंबू नका. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, आकडी, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, बाहुल्यांत फरक, यांपैकी एकही लक्षण दिसले तर ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या. पहिले दोन दिवस पेशंटवर नजर हवी.

आणि धनुर्वात. घोड्याच्या आतड्यात आणि लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात. ते मातीत वर्षानुवर्षे टिकतात. तबेल्याजवळचे साधे खरचटणेही साबण-पाण्याने नीट धुवावे. लसीचे सर्व डोस पूर्ण झालेल्यांनी दर दहा वर्षांनी एक डोस घ्यावा. मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचा डोस सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. तो चुकला असेल तर सुट्टीला निघण्याआधीच घ्यावा. जाता जाता एक सांगतो. सर्पदंशावर आपण जी लस टोचतो ती घोड्याच्याच रक्तापासून तयार होते. या प्राण्याचे आपल्यावर एवढे उपकार आहेत.

पाचगणी, महाबळेश्वर, माथेरानला जाताना

तिथली सगळी व्यवस्था आपल्याकडे मिळणार नाही. माथेरानला तर मोटारींना बंदी असल्याने घोडा हे वाहतुकीचेच साधन आहे. पण पुढील गोष्टींना ना परदेश लागतो, ना फार पैसा :

१. मुलाचे हेल्मेट घरून न्या. घोडेस्वारीचे नसेल तर नीट बसणारे सायकलचे हेल्मेट उघड्या डोक्यापेक्षा कितीतरी बरे.

२. पूर्ण पँट आणि थोडी टाच असलेला बंद बूट घाला. ओढणी, साडीचा पदर, लोंबणारा कॅमेरा आवरून घ्या.

३. घोडा निवडताना पाहा : लंगडतो का, पाठीवर जखम आहे का, फार हाडकुळा आहे का. दुखणाऱ्या पाठीचा घोडा केव्हाही उसळतो.

४. चढण्यापूर्वी खोगिराचा तंग पुन्हा आवळायला सांगा. काही घोडे तंग बांधताना पोट फुगवतात आणि मग तो सैल पडतो. खोगीर फिरले की स्वार खाली.

५. रिकिबींची लांबी मुलाच्या पायाला जुळवून घ्या. पाय लोंबकळता ठेवू नका.

६. घोड्याच्या मागून जाऊ नका. समोरून थोडे बाजूने, तो पाहील असे, खांद्याकडे जा. खाऊ द्यायचा तर तळहात सपाट ठेवून द्या.

७. लहान मुलाच्या घोड्याचा लगाम घोडेवाल्याने हातात धरून पायी चालावे. "पळव" असे आपण म्हणू नये आणि त्याने पळवू लागल्यास तिथेच थांबवावे. घोडेवाले पोटासाठी फेऱ्या वाढवतात. त्यांना घाई करायला आपणच भाग पाडतो.

८. एका घोड्यावर एकच माणूस. मांडीवर तान्हे बाळ घेऊन फोटो नको.

९. उतरल्यावर हात साबणाने धुवा, मगच भेळ खा. रात्री मांड्या दुखल्या तर कोमट पाण्याने शेका आणि दुसऱ्या दिवशी थोडे चाला. दुखते म्हणून पडून राहिल्यास अधिक आखडते.

त्या आठवड्यात आमच्या नातवाने दूरचित्रवाणी पाहिली नाही, कारण तिथे ती नव्हतीच. दरीत मोबाईललाही रेंज नव्हती. रात्री साडेआठला तो जेवणाच्या ताटावरच पेंगू लागे. आपल्याला महागडा रँच नको. सुट्टीत चार दिवस सगळ्या घराने मिळून अंग दमवावे, मग ते घोड्यावर असो, अजिंक्यताऱ्याच्या चढावर असो की नदीच्या डोहात. आणि त्या चार दिवसांत घरातल्या मुलीला मागे ठेवू नये. तिचे बसायचे वय तेच आहे.